आवलीच्या कवितेखाली मुद्रा कोणाची?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुकोबांच्या दुसऱ्या पत्नीवर, जिजाईवर, म्हणजे लोक जिला आवली म्हणतात तिच्यावर, तू बारा कविता लिहिल्यास. सगळ्या तिच्या तोंडच्या. तालुक्याच्या गावी त्या वाचल्यास तेव्हा एक ज्येष्ठ वारकरी गृहस्थ उठून म्हणाले, की इतिहासात जे नाही ते कवितेत घुसडणं हा संतांचा अपमान आहे, आणि हे स्त्रीवादाचं खूळ आपल्याकडचं नव्हेच. परतीच्या एसटीत तुझी मैत्रीण म्हणाली, की म्हणणं सगळं पटतं, पण ऐकताना भाषण ऐकल्यासारखं वाटतं. तू विचारतेस, दोघांपैकी कोणाचं ऐकू?

मला ताई म्हटलंस म्हणून ‘तू’च म्हणते. मी स्वतः कविता लिहिते आणि गेली अठ्ठावीस वर्षं लिहिणाऱ्या बायकांबरोबर बसून त्यांच्या कविता वाचते. ऐकायचं ते मैत्रिणीचं. पण त्या गृहस्थांचं बोलणं सोडून देता येणार नाही, कारण ते तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करते.

ते ज्याला इतिहास म्हणतात तो कुठून आला ते बघ. तुकोबा १६५० साली गेले. आवली म्हटलं की भांडकुदळ, विठोबाला शिव्या घालणारी, नवऱ्याच्या भक्तीत खोडा घालणारी बाई डोळ्यांपुढे येते. ही बाई आपल्याला मुख्यतः महिपतीबुवा ताहराबादकरांनी दिली. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ चा आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ चा. म्हणजे तुकोबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेलं हे चरित्र, आणि तेही ओवीत. महिपतींनी आवलीला पाहिलेलं नव्हतं. ऐकलेलं त्यांनी श्रद्धेनं आणि फार रसाळपणे रचलं. ते गृहस्थ जिला इतिहास समजतात ती मुळात एका पुरुषाने केलेली कविताच आहे. तेव्हा कवितेने आवलीला हात लावायचा की नाही, हा वाद अडीचशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला. आता प्रश्न एवढाच, की हात कसा लावायचा.

उसाची गोष्ट आठव. तुकोबांना उसाची मोळी मिळते, वाटेत पोरं मागतात, ते वाटत येतात, घरी पोचेपर्यंत एकच ऊस उरतो. आवली तो त्यांच्या पाठीत घालते, उसाचे तुकडे होतात, आणि तुकोबा म्हणतात, बरं झालं, आपसूक वाटे पडले. आपण सगळ्यांनी ही गोष्ट लहानपणी हसत ऐकली. त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, पोरं कशाकडे डोळे लावून बसली होती, हे मात्र गोष्टीत नाही. गोष्टीला त्याची गरज पडली नाही. तुझ्या कवितेला पडायला हवी होती, पण तूही ते सोडून थेट तिच्या संतापावर आलीस. त्याबद्दल पुढे बोलते.

‘हे आपल्याकडचं नव्हेच’ या वाक्याला उत्तर द्यायला फार लांब जावं लागत नाही. सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ १८५४ साली आला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्या संग्रहात ताराराणींवर कविता आहे. राजाराम महाराज १७०० साली गेल्यावर औरंगजेबाच्या मरणापर्यंत जिने राज्य राखलं ती ताराबाई, आणि तिला दीडशे वर्षांनी हाक मारणारी शाळामास्तरीण. इतिहासात मागे वळून आपल्या बाईला शोधणं हे मराठीत तेव्हापासून छापील स्वरूपात आहे. छापण्याच्या आधीचं विचारशील तर जात्यावर जा. ही ओवी तू ऐकली असशील:

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

पाठभेद आहेत, गावागणिक शब्द हलतात, पण निवाडा हलत नाही. ज्या बाईने हे पहिल्यांदा म्हटलं तिला अक्षरओळख नव्हती, आणि रामाच्या देवळात ती रोज हात जोडत असणार. लोकसाहित्याच्या अभ्यासक ताराबाई भवाळकरांनी आयुष्यभर या ओव्यांतली सीता वाचली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बंगालमध्ये सोळाव्या शतकात चंद्रावतीने रामायण लिहिलं, त्यात रामाचा पराक्रम बाजूला पडतो आणि सीतेची बारमाही दुःखं पुढे येतात. अभ्यासकांनी ते फसलेलं, अपुरं काव्य ठरवलं होतं. बंगाली लेखिका नवनीता देव सेन यांनी ते नीट वाचलं आणि दाखवून दिलं, की रामाचं काव्य म्हणून वाचाल तर ते अपुरं दिसणारच, हे सीतेचं आहे. त्यांनी बंगाली, मराठी, मैथिली, तेलुगू बायकांची रामायणाची गाणी शेजारी शेजारी ठेवून वाचली होती. तेव्हा तुझ्या बारा कवितांना आज्यापणज्या आहेत. त्या गृहस्थांच्या घरातही कोणीतरी दळताना हेच गायलं असेल.

आता मैत्रिणीचं. ती म्हणाली भाषण वाटतं, आणि मला तुझ्या बारापैकी नऊ कविता तशा वाटल्या. का, ते सांगायला मी तुला गाथेतच घेऊन जाते, कारण तू आवलीवर लिहिलंस आणि गाथेतली आवली वाचली नाहीस असं मला दिसतंय.

गाथेत सात अभंगांचा एक गट आहे. त्याचा मथळाच सांगतो, की स्वामींच्या स्त्रीने स्वामींना कठीण उत्तरं केली. पहिला अभंग असा सुरू होतो:

मजचि भोंवता केला येणें जोग । काय याचा भोग अंतरला ॥
चालोनियां घरा सर्व सुखें येती । माझी तों फजीती चुकेचि ना ॥

हळू वाच. यानं जोग धरला तो माझ्याच भोवती. याचा स्वतःचा कुठला भोग सुटला? वैराग्याची किंमत कोण मोजतंय, हा प्रश्न इतक्या थेट मराठीत दुसऱ्या कोणी विचारलेला मला आठवत नाही. नवरा विरक्त झाला म्हणजे त्याने काय सोडलं आणि ते सोडलेलं कोणाच्या अंगावर पडलं, याचा हा हिशेब आहे. पुढे पोरं येतात, खायला काय देऊ, तोडतील मला, म्हणते. मग घर येतं, धुऊन नेल्यासारखं रिकामं, आणि ‘सारवावया ढोर शेण नाहीं’. जमीन सारवायला शेणसुद्धा नाही, कारण गोठ्यात ढोर नाही. दारिद्र्य म्हणजे काय हे सांगायला हा एक चरण पुरतो. तुझ्या चौथ्या कवितेत ‘दारिद्र्याच्या वणव्यात होरपळले मी’ अशी ओळ आहे. दोन्ही ओळी शेजारी ठेव.

हा अभंग संपतो तो ‘तुका म्हणे’ने, म्हणजे कवीच्या नाममुद्रेने. शेवटच्या चरणात तुकोबा तिला जो शब्द वापरतात तो आज आपल्याला बायकोसाठी उच्चारवत नाही, आणि म्हणतात, की विचार न करता ती माथ्यावर भार वाहते आणि कुंथते. म्हणजे बोलते ती, सही करतो तो, आणि सही करताना तिच्या बोलण्याचा निकालही लावून टाकतो. तुझ्या कामाची जागा मला इथे दिसते. तिचं बोलणं संपतं आणि त्याची मुद्रा सुरू होते, त्या सांध्यात.

हे अभंग तिचे की त्यांचे? लिहिले त्यांनी. पण शेणाचा तपशील नवऱ्याला एरवी सुचत नाही, तो त्याने ऐकलेला असतो. मला तरी वाटतं, की घरातलं भांडण या माणसाने मोठ्या इमानाने उतरवून ठेवलंय. आवलीशी तुकोबा त्यांच्या चरित्रकारांपेक्षा जास्त प्रामाणिक वागले. ‘बरें झालें देवा बाईल कर्कशा’ हे त्यांचंच आहे, ते मी लपवत नाही. पण तिला काय म्हणायचं होतं तेही त्यांनीच आपल्यापर्यंत पोचवलं. तुझ्या मालिकेतले तुकोबा मात्र नुसते बेपर्वा नवरे आहेत. तुकोबांना लहान करून आवली मोठी होत नाही, उलट तिचं भांडणच लहान होतं. तिचं भांडण एका फार मोठ्या माणसाशी होतं आणि ती भांडली, ही तिची उंची आहे.

थोडं छंदाबद्दल, कारण तू मुक्तछंदात लिहिलंस आणि कारण दिलंस, की छंद ही पुरुषी परंपरेची बेडी आहे. हे मला मान्य नाही. मोठ्या अभंगाच्या चौकात, म्हणजे चार चरणांच्या कडव्यात, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात. मोजून बघ: मजचि भोंवता, सहा. केला येणें जोग, सहा. काय याचा भोग, सहा. अंतरला, चार. जोग आणि भोग यमकाने बांधले जातात, कान तिसऱ्या चरणाला पूर्ण झाल्यासारखा विसावतो, आणि मग त्या चार अक्षरांत घाव बसतो. ‘चुकेचि ना’ हेही तसंच. तिचा टोमणा छंदात बसलाय, किंवा असं म्हण, की छंदाच्या आखूड शेपटीला टोमण्याची सवय आहे. जात्यावरच्या ओवीलाही खुंट्याच्या फेऱ्याचा ताल आहे. ही बेडी असती तर बायकांनी शेकडो वर्षं तिच्यात सीतेची बाजू मांडली नसती. मुक्तछंद सोड असं मी म्हणत नाही. दोन-तीन कविता अभंगात लिहून बघ, म्हणजे तुझ्या लक्षात येईल की चार अक्षरांत भाषण करता येत नाही.

शब्दांचं दुसरं. कार्यशाळेत मी एक काम नेहमी देते, तेच तुला देते. बाराही कवितांतली भाववाचक नामं पेन्सिलीने खोड. घुसमट, अस्तित्व, अस्मिता, वेदना, मौन, स्वत्व. ‘घुसमट’ हा शब्द गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बायकांच्या कवितेत इतक्यांदा आला, की आता त्यात कोणाचाच श्वास अडकत नाही. ‘उंबरठा’ तसा खरा लाकडाचा असतो, पण तोही झिजलाय. ‘मी फक्त बाईल नाही, मीही माणूस आहे’ ही तुझी ओळ टाळ्या घेते हे मी समजू शकते, पण सतराव्या शतकातल्या देहूच्या वाण्याच्या घरातली बाई हे वाक्य म्हणणार नाही. तिला ते कळत नव्हतं म्हणून नव्हे. ती ते शेणावरून, भाकरीवरून, कर्जावरून म्हणेल, आणि तसं म्हटलेलं जास्त लागेल.

खोडल्यावर उरेल त्यात काय भरायचं? तिच्या आयुष्यात किती वस्तू आहेत बघ. भंडारा डोंगर आहे, तिथवर रोज भाकरी नेण्याची पायपीट आहे, पायात मोडलेला काटा आहे. १९३६ च्या प्रभातच्या चित्रपटात गौरीबाईंनी उभी केलेली आवली तिच्या म्हशीसकट लोकांच्या लक्षात राहिली, कारण ती सतत काहीतरी करत असते. मग कर्ज आहे. नवऱ्याला पुन्हा व्यापाराला लावायचं म्हणून तिने स्वतःच्या नावावर पैसे काढून दिले आणि तेही त्यांनी वाटेत कुणा गरजवंताला देऊन टाकले, असं चरित्रांत येतं. तिच्या नावावर! म्हणजे त्या काळी तिच्या शब्दाला बाजारात पत होती. या एका गोष्टीवर कविता का नाही तुझी?

आणि इंद्रायणी आहे. इंद्रायणीत दोन गोष्टी बुडाल्या. आधी तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं बुडवली, लोकांकडचं येणं सोडून दिलं. पुढे अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. खतं वर आली नाहीत. घर चालवणाऱ्या बाईला नदीच्या काठावर उभं राहून हे दिसलं असेलच. मला ही प्रतिमा कित्येक वर्षं छळते आहे आणि माझ्याने तिची कविता झाली नाही, म्हणून तुला देऊन टाकते.

आवलीच्या मागे आणखी एक बाई उभी आहे, जी तुझ्या मालिकेत नाही. तुकोबांची पहिली बायको. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ती गेली. तुकोबांनी स्वतःविषयी सांगताना तिच्यासाठी एकच चरण लिहिला:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

नाव नाही. रखमा हे नाव चरित्रांतून येतं. गाथेतला तिचा सगळा आवाज म्हणजे ‘अन्न अन्न’. दोन शब्द, खरं तर एकच शब्द दोनदा. तुला मोह होईल, की आता हिच्याही तोंडी बारा कविता घालाव्यात. घालू नकोस. जिच्याकडे मरताना एकच शब्द होता तिला आपण पानं भरून बोलायला लावलं, की तो एक शब्द ऐकू येईनासा होतो. तिथे कवितेने त्या शब्दाच्या भोवती जागा सोडायची असते.

आयर्लंडच्या ईव्हन बोलंडने हे एका कवितेत करून दाखवलंय. तिचं सगळं भांडणच हे होतं, की आयरिश कवितेत बाई म्हणजे देशाचं प्रतीक, मातृभूमी, शोकमग्न राणी, आणि दुष्काळ प्रत्यक्ष भोगलेली बाई मात्र इतिहासाच्या बाहेर. १८४७ च्या दुष्काळावरच्या तिच्या कवितेत एक नवरा-बायको थंडीत चालत निघतात आणि सकाळी दोघंही मेलेली सापडतात. बायकोची पावलं नवऱ्याच्या छातीशी धरलेली असतात, अंगातली शेवटची ऊब त्याने तिथे दिलेली असते. कविता तिच्या तोंडी एक शब्द घालत नाही. फक्त पावलं कुठे होती ते सांगते. ‘अन्न अन्न’ वाचल्यावर मला दर वेळी ती पावलं आठवतात.

आपल्याकडे गावाच्या वेशीजवळ सतीशिळा असते ना, तिच्यावर काय कोरलेलं असतं? कोपरात वाकवलेला एक हात, उघडा तळवा, मनगटात बांगड्या, वर चंद्रसूर्य. चेहरा बहुधा नसतो. शेजारच्या वीरगळावर नवरा घोड्यावर, लढताना, मग अप्सरांबरोबर स्वर्गात, असा मजल्यामजल्याने चढत जातो. मी तरुणपणी एका शिळेवर कविता लिहिली, त्यात तिला डोळे दिले, ओठ दिले, किंकाळी दिली. त्याच गावातल्या एका म्हातारीला ती वाचून दाखवली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, ‘बाई, तुझं समदं बरुबर हाय, पर बांगड्याचं काय न्हाई लिवलं?’ बांगड्या फुटल्या नाहीत, हेच तर त्या दगडाला सांगायचं होतं. विधवा व्हायच्या आत ती गेली, याचा तो पुरावा आहे आणि त्यातच सगळी भीषणता आहे. मी तोच तपशील सोडून किंकाळी लिहीत बसले होते. ती कविता मी पुन्हा कुठे छापली नाही.

आता मुद्रेकडे परत येऊ, कारण माझ्या मते तुझ्या मालिकेचा खरा विषय तोच आहे. संत कवयित्री सही कशी करतात बघ. जनाबाई लिहिते ‘नामयाची दासी जनी’. सोयराबाई लिहिते ‘म्हणे चोख्याची महारी’. स्वतःच्या कवितेखाली सही करतानाही आधी पुरुषाचं नाव, मग आपलं, किंवा सोयराबाईसारखं फक्त नातं आणि जात. आणि वरची कविता काय म्हणते? ‘डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारीं जाईन मी’ ही जनी. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’ म्हणत, विटाळावाचून जन्मलेला देह मला दाखवा, असं विचारणारी सोयरा. सहीत ती दासी आहे आणि कवितेत कोणाची नाही. हा ताण त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय, आपण त्यात भर घालायची गरज नाही. म्हणून माझा एक नियम आहे आणि तो मी कार्यशाळेत आग्रहाने सांगते: जिचे शब्द उरलेत तिच्या तोंडात आपले शब्द घालू नयेत. तिच्याशी बोलावं, तिला उत्तर द्यावं, तिच्याशी भांडावंही. पण सोयराबाईच्या ‘मी’त शिरून लिहिणं मला चुकीचं वाटतं, आणि ज्यांच्या घराण्यांनी तिचा विटाळ मानला त्यांच्यातल्या कोणी ते करणं तर फारच चुकीचं. ‘अवघा रंग एक झाला’ किशोरीताई आमोणकरांच्या आवाजात घराघरात पोचलं, पण ते सोयराबाईचं आहे हे किती जणांना माहीत असतं? आधी तेवढं सांगितलं तरी खूप.

संत बहिणाबाईंचं तर अजब आहे. देवगावची ही मुलगी, तिसऱ्या वर्षी तिशीच्या बिजवराशी लग्न, आणि पुढे शूद्र गुरू केला म्हणून नवऱ्याचा मार. तिने आत्मनिवेदन लिहिलं, म्हणजे स्वतःचं आयुष्य स्वतः सांगितलं, आणि ‘मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आतां कैंची’ असं विचारून ठेवलं. ती देहूला आली, तुकोबांना गुरू मानून राहिली. म्हणजे आवली ज्या गावात शेणाची वाट बघत होती त्याच गावात, तुकोबांच्या हयातीत, एक बाई ‘मी’ म्हणून अभंग रचत होती. पण मला सांगायचंय ते दुसरंच. वारकरी संप्रदायाचा इतिहास सांगताना प्रत्येक वक्ता जो अभंग म्हणतो तो, ‘ज्ञानदेवें रचिला पाया’ आणि ‘तुका झालासे कळस’, हा बहिणाबाईंचा आहे. संप्रदायाच्या इतिहासाचा आराखडाच एका बाईने काढला. त्या इमारतीत पाया पुरुष, आवार पुरुष, खांब पुरुष, कळस पुरुष. मुक्ताई नाही, जनी नाही, सोयरा नाही. आणि सगळ्यात वर, शेवटच्या चरणात, ती स्वतः येते: बहिणी फडकती ध्वजा. बहुतेक वक्ते कळसाशी थांबतात. पुढचा चरण म्हणत नाहीत, त्यामुळे ध्वजाही दिसत नाही आणि हे कोणी रचलं तेही कळत नाही. पुढच्या वेळी कीर्तनात लक्ष ठेवून ऐक.

हिरा बनसोडे यांची ‘यशोधरा’ ही बुद्धाच्या पत्नीवरची कविता तू वाचली आहेस असं लिहिलंयस, मग तिच्याकडून काय शिकायचं ते बोलू. त्या यशोधरा होऊन बोलत नाहीत. तिच्याकडे जातात. यशू म्हणून हाक मारतात. तुझ्या त्यागाबद्दल इतिहास बोलत नाही, म्हणतात. सिद्धार्थाने नुसतं समाधीचं सोंग केलं असतं तरी तुझ्यावर महाकाव्यं झाली असती, सीता-सावित्रीसारखी तू पुराणांत गाजली असतीस, म्हणतात, आणि हा अन्याय पाहून त्यांना लाज वाटते. एकाही विहारात तू दिसत नाहीस, अशी खंत करतात. आणि मग शेवटी ती त्यांना सापडते, बुद्धाच्या मिटलेल्या पापण्यांमध्ये. हे लिहिणारी कवयित्री बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मातली आहे, बुद्ध तिचा आहे. ती बाहेरून दगड मारत नाही, आपल्याच विहारात उभी राहून विचारते, की ती कुठे आहे. म्हणून त्या कवितेला धार आहे आणि ओलही आहे. तू लिहिलंयस, की तुझ्या आजोळी माळकरी घर आहे, आजीच्या तोंडी गाथा होती. मग त्या घरातूनच लिही. आत्ता तुझ्या कविता वाचताना विठोबाशी तुझं काही देणंघेणंच नाही असं वाटतं, आणि ते खरं नसावं.

आता तुझ्या बारा. पहिल्या सहा सरळ बाजूला ठेव, त्यांतून वहीत दोन-चार ओळी उतरवून घे. सातवी, जिथे ती डोंगरावरून उतरताना रिकामं फडकं झटकते आणि मुंग्या पडतात, ती उत्तम आहे. त्यात एकही भाववाचक नाम नाही हे तुझ्या लक्षात आलंय का? आठवी आणि अकरावी छाटल्या तर उभ्या राहतील. दहावीत तू तिला वैकुंठाला जाणाऱ्या नवऱ्याकडे पाठ फिरवायला लावलीस. मला तिथे अडलं. परंपरा सांगते, की तेव्हा ती गरोदर होती. तो मुलगा नारायण. त्याच नारायणबाबांनी पुढे १६८५ साली पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली, आज लाखो माणसं ज्या सोहळ्यात चालतात तो. विमानाकडे बघत गावभर माणसं उभी आहेत, आणि ती पोटावर हात ठेवून. पाठ फिरवण्यापेक्षा हे कठीण आहे. पुढे त्या पोराला पहिली वर्षं कोणी जगवलं, पालखीच्या इतिहासात त्याची ओळ नाही. दहावी कविता तिथून पुन्हा लिही.

आणि प्रत्येक कवितेच्या शेवटी मुद्रा घालून बघ. नंतर काढलीस तरी चालेल. ‘आवली म्हणे’? ते तर लोकांनी ठेवलेलं नाव. ‘जिजाई म्हणे’? की ‘तुकयाची बाईल’? कोणती मुद्रा कोणत्या कवितेला चालते आणि कोणती अडखळते, यावरून ती कविता तिची झाली की तुझीच राहिली ते कळेल.

पुढच्या वाचनाला त्या गृहस्थांना आवर्जून बोलाव. तुझी कविता सुरू करायच्या आधी गाथेतले ते सात अभंग होऊ देत, आणि ते त्यांनाच म्हणायला सांग. वारकरी माणूस आहे, चालीवर म्हणेल. शेवटच्या ‘तुका म्हणे’नंतर त्यांचा आवाज थांबला, की फडक्याची ती सातवी कविता वाच.